सगळ्याच पाट्या एक नंबर

लिंबायत, सुरत
रविवार, १५ जून १९९७

तीर्थरूप शोभाफुईस,

लिंबायतच्या खोलीतून तुझ्या भाच्याचा, तुझ्या भावाच्या लोटूचा, साष्टांग नमस्कार. (खोलीत साष्टांग घालायला लांबी पुरत नाही, आडवा झालो की पाय मोरीत जातात, पण नमस्कार पुरा धरावा.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहवलं होतंस की ओट्यावरून उतरताना डावा गुडघा बोलतो. त्याला बोलू दे, तू त्याचं ऐकू नकोस. माणसाने रोज थोडं चालावं, अगदी दोन घरं का होईना चालत जाऊन यावं, असं इथला डॉक्टर ज्याला त्याला सांगतो. म्हैस व्याली का? कैऱ्यांचं लोणचं घातलंस का? मी इथे खुशाल आहे, काळजी नसावी. (काळजी असली तरी चालेल.)

पत्र वाचून दाखवणाऱ्या पंडितभाऊंना रामराम. पंडितभाऊ, एक विनंती आहे. तुम्ही शाळेत चपराशी होतात, घंटा बिघडली की तुमच्या हाकेवर शाळा सुटायची, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तेव्हा या पत्रात जे कंसात लिहिलं आहे ते तुम्ही मनातल्या मनात वाचावं आणि फुईच्या कानात हळूच सांगावं. फुईच्या ओट्यापासून दोन घरं सोडून दगानानांचा ओटा आहे आणि त्या घराचा मी जावई आहे, म्हणून सांगतो. (पहिले दोन कंस तुम्ही मोठ्याने वाचून बसला असाल. असो, त्यात विशेष काही नव्हतं.)

फुई, आधीच सांगून ठेवतो, हे पत्र चंचलबद्दल नाही. चंचल वैशाखात आखाजीला माहेरी आली, ती आपली रीतच आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात आणि परत जातात. त्यातलं परत जाणं तेवढं राहिलं आहे, बाकी सगळं रीतीप्रमाणे झालं असं कळतं. आता या आठवड्यात वटपौर्णिमा आली. ती तिकडे वडाला फेऱ्या घालून सात जन्म हाच नवरा मागणार आणि या चालू जन्मातला नवरा इथे खानावळीत पाण्यात डाळ शोधत बसणार. पण मी तरी काय करू? आपल्यात सुनेला आणायला सासरचं वडील माणूस जातं. नवराच एकटा पिशवी घेऊन सासऱ्याच्या दारात उभा राहिला, तर पुढच्या आखाजीपर्यंत गावाला हसायला विषय होतो. आईबाप गेले, पाठीला भाऊ नाही, मग कोणाला पाठवू? म्हणून गप्प आहे. हे पत्र माझ्या कामाबद्दल आहे.

तर काम. तुला माहीत आहे की मी भूपेंद्रभाईंकडे वायरमन आहे. आधी आम्ही मार्केटमध्ये पंखे आणि ट्यूबलाइटी लावायचो. गेल्या वर्षापासून भूपेंद्रभाईंनी नवीनच खूळ आणलं आहे, चालत्या अक्षरांच्या पाट्यांचं. पाटी म्हणजे लांबोडकी काळी पेटी, तिच्यात मोहरीएवढे लाल दिवे ओळीने बसवलेले. ते दिवे असे काही पेटतात-विझतात की अक्षरं उजवीकडून डावीकडे चालत जातात. आणि एक पाटी असती तर गोष्ट वेगळी. रिंग रोडवर एक साड्यांचं मार्केट आहे, त्याच्या कमिटीने सगळ्या मजल्यांवर मिळून नऊ पाट्या मागितल्या. ऑफिसात एक माणूस बटणांच्या फळीवर टाइप करणार आणि कुठल्या पाटीवर काय दिसायचं ते तिथूनच ठरणार. त्यासाठी ऑफिसातून एक काळी तार निघते, पहिल्या पाटीत शिरते, तिच्यातून निघून दुसरीत, अशी करत करत नवव्या पाटीपर्यंत जाते. लग्नात आहेर एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जातो ना, तसं. त्या तारेच्या आत दोन बारीक तारा असतात, वेणीसारख्या एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ सोडायचा नाही, विजेच्या जाड तारेला खेटून न्यायचं नाही, नाहीतर अक्षरं थरथरतात. आणि शेवटच्या पाटीच्या टोकाला एक छोटा दाणा जोडावा लागतो. तो नसला तर शब्द टोकाला जाऊन आपटतो, घ्यायला कोणी नाही म्हणून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या शब्दात मिसळतो, असं भूपेंद्रभाई सांगतात. (हे मला शिकवावं लागलं नाही. आखाजीपासून मी खोलीत जे बोलतो त्याचं हेच होतं.)

आता मार्केटमध्ये तार ओढणं म्हणजे काय ते ऐक. सुरतेच्या व्यापाऱ्याला ताणलेली दोरी दिसली की ती साडी टांगण्यासाठीच आहे असं त्याला वाटतं. सकाळी मी दुसऱ्या मजल्यावरून तार नेली, जेवून आलो तर तिच्यावर दोन्ही बाजूंनी साड्या, आणि एक बाई त्यातली जांभळी खाली ओढून पदर बघतेय. मी शेठला म्हणालो, यातून अक्षरं जाणार आहेत. तो म्हणाला, जाऊ दे की, माझी साडी बाहेरून आहे, तुझी अक्षरं आतून. शेवटी मी तार छताला चिकटवून नेली, तेव्हा कबुतरांनी तिचा ताबा घेतला. कबुतरांशी वाद घालता येत नाही, ती निदान भाव तरी करत नाहीत.

पण खरी भानगड पुढेच आहे आणि ती मानपानाची आहे. प्रत्येक पाटीच्या पोटात बारक्या कळा असतात, त्या खालीवर करून पाटीला नंबर द्यायचा असतो. एकीला एक, दुसरीला दोन, असं. नंबर वेगळा असला म्हणजे ऑफिसातून चार नंबरला लिहिलेलं चार नंबरवरच दिसतं. मी शिडीवर चढून पहिल्या पाटीला एक नंबर देत होतो, एवढ्यात पहिल्या मजल्याचे शेठ आले. त्यांना कळलं की त्यांच्या दुकानासमोरची पाटी दोन नंबर आहे. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, आमचा धंदा दोन नंबरचा आहे का? पाटी एक नंबर पाहिजे. ते गेले, दुसऱ्या मजल्याचे आले. त्यांना म्हणे तीन आकडा अपशकुनी. तिसऱ्या मजल्याचे म्हणाले, आम्ही सगळ्यांत जुने, आम्हाला चार कसा? फुई, मी आपल्याकडची लग्नं पाहिली आहेत. पहिलं पान कोणाला लावायचं यावरून आपल्या घरातला मामा मांडवातून उठून गेला होता आणि मग माझ्या बापाने चार ताटं एकदम चार जणांपुढे ठेवायला लावून सगळ्यांना पहिलं पान मिळवून दिलं होतं, हे तूच सांगतेस. मी तेच केलं. नऊच्या नऊ पाट्यांना एक नंबर देऊन टाकला. सगळे शेठ खूश झाले, एकाने तर मला पेढा दिला. भूपेंद्रभाईंना मी बोललो नाही, कारण मला वाटलं नंबर म्हणजे नुसता मान आहे, मानाने काय बिघडतं?

मग आला रविवार, उद्घाटनाच्या आदल्या दिवसाचा. रविवारी मार्केट बंद, भूपेंद्रभाई लग्नाला गेलेले, आणि मला सांगून गेले की ऑफिसात बसून एखादी पाटी चालवून बघ. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी त्या बटणांच्या फळीपुढे बसलो. फुई, एवढं मोठं मार्केट आणि त्यात एकही माणूस नाही. इतर दिवशी जिथे पार्सलच्या हातगाडीखाली पाय सापडायची भीती असते तिथे माझ्याच चपलेचा आवाज मला ऐकू येत होता. ऑफिसच्या काचेतून समोरची एकच पाटी दिसते, तळमजल्याची. मी तिचा एक नंबर टाकला. आता काय लिहावं? भूपेंद्रभाई लिहितात टेस्ट, टेस्ट. मला तो शब्द खानावळीची आठवण करून देतो. (पंडितभाऊ, आता हे फार हळू सांगा. माझी बोटं माझ्या ताब्यात नव्हती. मी लिहिलं, चंचल घेर आवी जा. म्हणजे चंचल, घरी ये. त्या पाटीला गुजराती आणि इंग्रजी येतं, आपली बोली येत नाही. बायकोला इतक्या दिवसांनी पहिली हाक मारली ती पण परक्या भाषेत. लाल अक्षरं हळूहळू चालत आली आणि भिंतीपाशी जाऊन संपली, मग पुन्हा आली. मी बराच वेळ बघत बसलो. तिचं नाव लाल रंगात चांगलं दिसतं.) तर मी काहीतरी चाचणीचं लिहिलं, मशीन बंद केलं आणि घरी आलो. मला वाटलं, वीज बंद म्हणजे गोष्ट संपली.

सोमवारी उद्घाटन. महाराज आले, नारळ फुटला, कमिटीचे सगळे शेठ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे. सर्वांत म्हातारे प्रमुख शेठ, त्यांच्या हस्ते बटण दाबायचं होतं आणि पहिल्या पाटीवर गणपतीचं नाव यायचं होतं. शेठनी बटण दाबलं. पाटीवर आलं ते (कंसात वाचलं तेच). कारण या पाट्यांना पोट असतं, शेवटचं खाल्लेलं त्या धरून ठेवतात आणि वीज आली की आधी तेच बाहेर काढतात. एवढ्यावर निभावलं असतं, पण वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं की इथेही तेच आलंय. मग त्याच्या वरून. नऊच्या नऊ पाट्या, जिन्यावर, लिफ्टपाशी, बाहेर रस्त्याकडच्या दारावर, एका सुरात तीच हाक मारत होत्या, कारण सगळ्याच एक नंबर. प्रत्येक शेठ शेजारच्या शेठकडे संशयाने बघायला लागला, की ही बया कोणाची. भूपेंद्रभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "लोटू, आ शुं छे?" हे काय आहे म्हणून. आता लपवून काय उपयोग होता. मी सांगितलं, माझी बायको आहे, आखाजीला गेली ती आली नाही.

मला वाटलं, गेली नोकरी. पण ते म्हातारे शेठ पाटीजवळ गेले आणि ती हाक पुन्हा वाचली. मग म्हणाले, "लक्ष्मीने घेर बोलावे, एमां खोटुं शुं?" घरच्या लक्ष्मीला घरी बोलावलंय, याहून चांगला मुहूर्त कोणता, असं त्यांचं म्हणणं. लगेच सगळ्या शेठांनी माना डोलावल्या आणि पेढे वाटले. भूपेंद्रभाईंनी मला लगेच शिडीवर पाठवलं आणि सगळ्या पाट्यांना खरे नंबर द्यायला लावले. मानासाठी आता पेट्यांवर खोटे आकडे रंगवून लावले आहेत, बाहेरून सगळ्या एक नंबरच दिसतात. फक्त पोटातला तो मजकूर काही निघेना. वीज गेली आणि परत आली की नऊही पाट्यांवर आधी चंचलला हाक, मग साड्यांचे भाव. मुंबईहून कंपनीचा इंजिनियर येईल तेव्हाच ते पुसलं जाईल, असं मी भूपेंद्रभाईंना सांगितलं आहे.

त्या दिवसापासून सारं मार्केट मला ओळखायला लागलं. फुई, सुरतेत इतकी वर्षं काढली, कोणी नावाने हाक मारली नव्हती. आता चहावाला, पार्सल बांधणारे, हातगाडीवाले, बंगाली कारागीर, मी दिसलो की विचारणार, "चंचलबेन आव्यां?" मी म्हणायचो, नाही अजून. तर ते चुकचुकायचे. एका ओडिया हमालाने तर आपली बायको किती वर्षं गावी आहे ते सांगून माझ्या पाठीवर हात ठेवला. पहिल्यांदा लाज वाटली, मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटायला लागलं. दिवसातून इतक्या वेळा तिचं नाव माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला मिळायचं.

पण माणसाची बुद्धी फिरायला वेळ लागत नाही. गेल्या आठवड्यात चहावाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत आणि म्हणाला, राहू दे, बायकोवाचून तुझं घर उघडं आहे. ते मला झोंबलं. म्हणून पुढचा माणूस जेव्हा म्हणाला, चंचलबेन आव्यां, तेव्हा मी म्हणून टाकलं, हो, आली. बस. तासाभरात खबर चौथ्या मजल्यावर. सगळ्यांनी आनंद केला, कोणी भजी मागवली, एका शेठने तिच्यासाठी साडी काढून ठेवली आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद. चहावाला पैसे घेतो, हमाल सलाम करून पुढे जातो. आली ना बायको, मग आता विचारायचं काय? फुई, मी जेव्हा खरं सांगत होतो तेव्हा मी एकटा नव्हतो. खोटं बोललो आणि पुरता एकटा पडलो.

आता त्याच कमिटीची दुसरी इमारत तयार झाली आहे, तिथेही आम्हीच पाट्या लावतोय. मुहूर्त आषाढी बीजेचा, आपल्या आषाढातल्या द्वितीयेचा, इथे तो दिवस फार चांगला मानतात. आणि म्हाताऱ्या शेठनी जाहीर केलं आहे की या वेळी बटण दाबणार चंचलबेन. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

बाकी सर्व क्षेमकुशल. पाऊस अजून नाही, उकाडा फार आहे, शेजारच्या मागांवर सांचेवाल्यांची खटखट चालूच आहे. घरातल्या सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. म्हशीलाही विचारलं म्हणून सांग.

तुझा भाचा,
लोटू

ता. क. फुई, ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते वरती राहूनच गेलं. तू दोन घरं चालत जा. माझ्या बापाची तू एकटी बहीण, हे स्थळही तूच आणलं होतंस, तेव्हा माझ्याकडचं वडील माणूस तूच. दगानानांच्या ओट्यावर बस आणि सुनेला न्यायला आलीस एवढंच म्हण, "सूनले लेवाले उनू." ते पाणी देतील, चहा देतील, दोन्ही घेऊ नकोस, आधी कधी पाठवता ते विचार. (चहा त्यांचा चांगला असतो, नंतर घे.) मग तू तिला घेऊन भुसावळ-सुरत पॅसेंजरने ये. सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरा, मी फलाटावर उभा असेन. तुला सुरत दाखवायची आहेच. गुडघ्याचा बहाणा सांगू नकोस, गाडीत बसायला जागा मिळते.

ता. क. दुसरा. (पंडितभाऊ, हा कंस खरोखर कानातच. ती उगाच रुसून गेलेली नाही. आमच्या खोलीतल्या बल्बचा होल्डर ढिला होता, वरच्या मजल्यावर कोणी चाललं तरी उजेड जायचा. ती भाकरी थापताना मध्येच उठून भिंतीवर लाटणं आपटायची तेव्हा तो यायचा. ती रोज म्हणायची नीट कर, मी रोज म्हणायचो उद्या. निघताना म्हणाली, "बठ्ठा गावले उजेड, आन् आपला घरमा अंधार." सगळ्या गावाला उजेड देणाऱ्या दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे असा राहायला होता. ती गेली त्याच संध्याकाळी मी होल्डर बदलला, दाराशी तिच्या हाताला येईल असं नवीन बटणही बसवलं. आता उजेड जराही हलत नाही, आणि त्यात खोलीत कोणी नाही हे चांगलं स्वच्छ दिसतं. पूर्वी निदान मधून मधून दिसायचं बंद व्हायचं.)

ता. क. तिसरा. पंडितभाऊ, हे कंसात नाही. हे मोठ्याने वाचा, घंटा बिघडल्यासारखं, दोन घरं पलीकडे दाराआड कोणी उभं असेल तर तिलाही ऐकू जाईल असं. इंजिनियरची वाट बघायचं काही कारण नाही. पाट्यांच्या पोटातला मजकूर पुसायचं बटण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ऑफिसातल्या फळीच्या खालच्या ओळीतलं, डावीकडून तिसरं. ते मी दाबणार नाही. ते तिने येऊन दाबावं.